पोळ्याची पोळी आणि चैत्राचा चारा
(नंदुरबार जिल्ह्यातील एका शेतकरी सभेत झालेले भाषण)



नुकताच पोळा झाला. आपण बैलांची शिंगे रंगविली, पाठीवर झूल घातली, पुरणपोळी चारली आणि पाया पडलो. पण ज्याच्या आज पाया पडलो, त्याच्यापुढे चैत्रात काय टाकणार? एक दिवस पोळी आणि पुढे उपास, ही कसली पूजा?

धडगाव-अक्कलकुव्याकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे म्हातारी माणसे आणि गुरे राहतात. त्या म्हाताऱ्यांनी डोंगरातून भारे आणावेत काय? म्हणून चाऱ्याची तजवीज माणसे गावात आहेत तोवरच झाली पाहिजे.

आधी हिशेब करा. एका बैलाला रोज सहा किलो वाळली वैरण धरा. जोडीला बारा किलो. होळीपासून नवे गवत उगवेपर्यंत चार महिने, म्हणजे 120 दिवस. झाले 1,440 किलो. तुडवून वाया जाणारे धरून 18 क्विंटल तरी घरात पाहिजे. आपल्या पेंड्या काट्यावर तोला, मोजा आणि भिंतीवर कोळशाने आकडा लिहून ठेवा. ज्याला आपल्या गंजीचा आकडा ठाऊक नाही, त्याला व्यापारी सांगेल तोच आकडा खरा मानावा लागतो.

गवत कापण्याचा मुहूर्त भटजीच्या पंचांगात नाही, तो गवताच्या फुलोऱ्यात आहे. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात कस असतो. बी झडून पिवळे पडले की उरते नुसते काड. कुसळी गवताला कुसळे धरण्यापूर्वीच विळा लावा, नाहीतर ती गुरांच्या तोंडात रुततात. कापलेले गवत उलटेपालटे करून पुरते वाळवा. ओले रचले तर गंज आतून तापते, बुरशी धरते, आणि बुरशीचा चारा गुराला आजारी पाडतो. खाली दगड-लाकडांचा माच करा, म्हणजे वाळवी व ओल लागणार नाही. वर उतार ठेवा. गंज चुलीपासून आणि घरापासून दूर रचा. कडबा कुट्टी करून घाला. अख्खी ताटे गुरे पुरती खात नाहीत, पायाखाली तुडवितात.

आता दुखणे सांगतो. ज्वारी निघाली की दारात व्यापारी येतो. हातात पैसा नसतो, उधारी डोक्यावर असते, आणि आपण कडबा मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. तोच कडबा उन्हाळ्यात चढ्या भावाने विकत घेतो. नाही जमले तर दावणीची जोडी विकतो आणि मृगात दुसऱ्याच्या बैलाची वाट पाहत बसतो. बंधूंनो, कडबा विकणारा स्वतःची पेरणी विकतो! आणि तो भारा डोक्यावर वाहिला कोणी? घरच्या बाईने. तेव्हा तिला विचारल्यावाचून एक पेंडीही विकू नका.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्याने गुरांची कुरणे बळकावल्याची तक्रार आहे. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षे लोटली तेव्हा कोठे 2006 च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्या ग्रामसभांनी आजच ठराव करावा : डोंगराचा एक भाग कापणीपर्यंत राखायचा, त्यात गुरे सोडायची नाहीत, वणवा लावायचा नाही, आणि गवत घरटी सारखे वाटून घ्यायचे. ज्या घरी कापणारे हात नाहीत, त्यांचा वाटा आधी काढायचा.

सरकारी छावणीची वाट पाहू नका. ती येते तेव्हा गुरांच्या फासळ्या मोजता येतात. विळे आत्ताच पाजळा. पुढच्या पोळ्याला तीच जोडी आपल्या दारात उभी दिसो, एवढे बोलून आपली रजा घेतो.