मोतीबिंदूची सुई

मंडळी, मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा, असे आपल्यात पुष्कळजण समजतात. तसे नाही बरं का. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असते. ते काचेसारखे स्वच्छ असते. वय झाले की गढूळ होते. मग उजेड नीट आत जात नाही. हाच मोतीबिंदू. तो औषधाचे थेंब घालून कसा विरघळेल?

जुन्या सुश्रुतसंहितेत यावर सुई सांगितली आहे. तिला शलाका म्हणतात. आठ बोटे लांब, तांब्याची, लोखंडाची नाही तर सोन्याची. टोके कळीसारखी. मध्ये सूत गुंडाळलेले. हातातून निसटू नये म्हणूनच असणार! रोग्याने आपल्या नाकाकडे पाहत बसायचे. डावा डोळा असेल तर वैद्याने उजवा हात चालवायचा, उजव्या डोळ्याला डावा. नंतर डोळ्यावर बाईचे दूध शिंपडायचे, तुपाची पट्टी बांधायची. रोग्याने खोकायचे नाही, शिंकायचे नाही, ढेकरही द्यायचा नाही. आता आलेली शिंक कोण कशी आवरणार?

पण या सुईने मोतीबिंदू निघत नसे. भिंग नुसते खाली ढकलले जाई. वाट मोकळी झाली की माणसाला दिसू लागे. भिंग मात्र आतच राही. पुष्कळदा डोळा सुजे आणि कायमचा जाई. फिरते वैदू हेच करीत. डोळा बिघडेपर्यंत ते पुढच्या गावी गेलेले असत!

१७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच डॉक्टरांनी गढूळ भिंग बाहेर काढले. तेव्हा डोळ्याला भूल नव्हती. ती १८८४ साली आली. टाकेही नसत. म्हणून रोग्याला उताणे निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावीत. पुढे जन्मभर जाड चष्मा.

चष्म्याचे ओझे उतरवले लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या प्लॅस्टिकच्या तावदानाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. ते आत राहिले, तरी डोळा चिडला नाही. हे रिडले यांनी हेरले. १९४९ साली त्यांनी तसल्याच प्लॅस्टिकचे भिंग रोग्याच्या डोळ्यात बसवले. बडे डॉक्टर त्यांच्यावर कितीतरी वर्षे रागावलेले होते.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी दातांच्या डॉक्टरांचे थरथरणारे यंत्र पाहून तसेच डोळ्यासाठी केले. बारीक छेदातून ते भिंगाचा चुरा करते आणि शोषून घेते.

"पिकू दे, मग काढू," असे घरची वडीलमंडळी अजून म्हणतात. पूर्वी ते खरे होते. पिकलेला मोती काढायला सोपा जाई. या यंत्राचे उलटे आहे. मोती फार पिकून कडक झाला, की त्याचा चुरा करणे जड जाते. म्हणून दिसायला अडचण पडू लागली, की डॉक्टर आता तो काढतात. बहुतेक रोगी त्याच दिवशी घरी जेवायला असतात.