आधी ताट, मग शास्त्र
(डिंभे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



हिरड्याचे दिवस आहेत. दिवसभर रानात वेचणी करून माणसं संध्याकाळी इथं येऊन बसली आहेत आणि संयोजकांनी त्यांच्यापुढे विषय ठेवलाय 'देवाची प्रीती : समज आणि अनुभव'. धाडस आहे. (हशा) मी नगरकडचा, म्हणजे आता अहिल्यानगरकडचा. घोड नदीचं पाणी तुमच्या धरणात अडतं आणि कालव्यानं आमच्या जिल्ह्यापर्यंत येतं. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली आहे. हे ऋण एका व्याख्यानानं फिटायचं नाही, पण व्याजापोटी ऐकून घ्या. (हशा)

मी ख्रिस्ती घरातला, निवृत्त मास्तर. येशूचा जन्म, डोंगरावरचं प्रवचन, क्रूस, पुनरुत्थान हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. उधळ्या मुलाची गोष्टही कुठेतरी ऐकली असेल. पंडिता रमाबाई आणि टिळक, म्हणजे लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन, यांची ओळख करून देत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की देवाची प्रीती आधी समजते आणि मग अनुभवाला येते, हा क्रम पत्रिकेवर छापायला ठीक आहे, जगण्यात तो उलटा आहे. आधी कुणीतरी तुम्हाला ताट वाढतं. त्या ताटामागे काय आहे, हे शास्त्र तुम्हाला मागाहून सांगतं. आमचे पाळकसाहेब म्हणतात, मास्तर, तुम्ही कुठलाही विषय दिला तरी हेच बोलता. खरं आहे. आजही तेच बोलणार आहे. (हशा)

रमाबाईंपासून सुरू करू. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. संस्कृत मुखोद्गत, वादात भल्याभल्यांना गप्प करणारी. अशा बाईला युक्तिवादानं कोण जिंकणार? त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात पाठवलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे सिस्टर सांभाळत होत्या, काम शिकवत होत्या. रमाबाई थक्क झाल्या. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नाहीत, मग या कशासाठी करतात? त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरनं शुभवर्तमानातली, येशू हिणवल्या गेलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. क्रम बघा. आधी आश्रम दिसला, मग प्रश्न पडला, मग गोष्ट आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता कुणी म्हणेल, झालं, प्रीती कळली. नाही! १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात त्याचा मथितार्थ असा : मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं! एवढी विदुषी, एवढी प्रामाणिक. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम तिनं पुढे केलं. तिला इतका वेळ लागला, तर आपण रविवारी तासभर बसून 'समजलं' म्हणतो ते काय समजतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. इथून दौंडकडे गेलात तर केडगावला मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींना रमाबाईंनी आसरा दिला. कुणी कधी गेलात तर बघून या. त्यावर आणखी बोलायचं होतं, पण मला टिळकांच्या घरी जायचंय. तिथं पाच मिनिटांत आटपतो.

(पुढची पंचवीस मिनिटे वक्ते टिळकांच्या घरीच होते. – संपादक)

समोरून चिठ्ठी आलीय. 'टिळक तर पुस्तक वाचून ख्रिस्ती झाले. मग तुमचा क्रम कसा?' अडचणीचा प्रश्न आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, त्यांनी तो वाचला, अस्वस्थ झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कबूल. पण पुस्तक टिळकांनी वाचलं आणि संसार त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा उधळला! सत्तावीसही पुरी न झालेली बाई, कडेवर लहानगा मुलगा दत्तू, नवरा बाटला म्हणून भोवती आकांत. टिळकांची 'समज' घरापर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. मला त्या वर्षांबद्दल बोलायचंय.

लक्ष्मीबाईंचं माहेर कसं? वडील गोखले. बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात न घेणारे. सोवळ्याचा अतिरेक. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात बाईंनी हे सगळं इतक्या खुसखुशीतपणे लिहिलंय की आपण हसत राहतो आणि त्या घरात राहणाऱ्यांचे हाल नंतर ध्यानात येतात. त्या सोवळ्यात वाढलेली बाई नवऱ्यापासून वेगळी राहिली, पंढरपुरात राहिली आणि अखेर मुलाला घेऊन नवऱ्याकडे परतली. परतली, पण धर्म तिचा तिच्यापाशी. चूल वेगळी, पाणी वेगळं.

मंडळी, जरा डोळ्यांसमोर आणा. नवरा मिशनचं काम करतो, दारी सगळ्या जातींची माणसं येतात आणि बायको त्याच छपराखाली सोवळ्यानं स्वयंपाक करते. मिशनमधले लोक काय कुजबुजत असतील! आमच्याकडच्या एखाद्या पाळकाच्या घरी हे चाललं असतं तर पंचकमिटीची बैठक बसली असती. (हशा) टिळक तर तापट माणूस. लहरी, खर्चिक, खिशातलं दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. या माणसानं ही एक गोष्ट मात्र रेटली नाही. तिची चूल तिच्यापाशी राहू दिली.

माझ्या मते टिळकांचं सगळ्यात मोठं प्रवचन ते हेच. त्यांची भजनं आम्ही आजही उपासनेत गातो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ते सारं थोर. पण स्वतःच्या घरात, रोज, दोन वेळा, बायकोची वेगळी चूल सोसणं, तेही तिला कमी न लेखता! देव माणसाला असाच सोसतो, हे लक्ष्मीबाईंना कुठल्या प्रवचनानं सांगितलं असतं?

आणि मग एक दिवस बाई स्वतःशीच विचार करायला बसल्या. जात देवानं केली की माणसानं? सगळ्यांचं जन्मणं सारखं, मरणं सारखं, मग हा भेद कुठून आला? ठरलं. यापुढे कुणाच्याही हातचं खाईन. बाप्तिस्मा नंतर. तत्त्वज्ञान म्हणाल तर त्याहून नंतर. घरात परक्या मुलांचा राबता वाढला, बालकवी ठोंबरे येऊन राहिले, टिळक १९१९ साली गेले, त्यांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढे नेलं. मराठीत देवाच्या प्रीतीवर पुष्कळ ग्रंथ आहेत. मला विचाराल तर पहिला नंबर 'स्मृतिचित्रे'चा, आणि त्यात उपदेश शोधूनच काढावा लागतो! (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. (हशा) आणखी दोन चिठ्ठ्या आहेत.

पहिली : 'हा धर्मप्रचार नव्हे काय?' बाबा रे, ज्या जोडप्यात नवऱ्यानं बायकोलासुद्धा रेटलं नाही, त्याची गोष्ट मी तासभर सांगतोय. प्रचाराला याहून वाईट उदाहरण मला मिळालं नसतं. (हशा)

दुसरी : 'ख्रिस्ती झाल्यावर तुमच्यातली जात गेली का?' नाही. खोटं कशाला बोलू. प्रभुभोजनाला एका भाकरीचे वाटेकरी होणारे आम्ही, सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण' असं हळूच विचारतो. लक्ष्मीबाईंनी जे एका बैठकीत मिटवलं ते आमच्याकडे अजून मिटलेलं नाही. पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या खेड्यांत दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येते, तेव्हा आणणारा कुठल्या आळीचा हे कुणी पाहत नाही. सुगीच्या सणाला शेतमालाचा लिलाव होतो, त्यात साधा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो आणि घेणारा तो गरजूच्या दारात ठेवून येतो. 'अगापे', म्हणजे निरपेक्ष प्रीती, वगैरे शब्द या माणसांना ठाऊक नाहीत. ज्यांना ठाऊक आहेत ते भोपळ्याची बोली लावत नाहीत, हा माझा अनुभव. (हशा, टाळ्या)

हो, आटपतो. मंचरची गाडी गाठायची आहे लोकांना.

अनुभव आला हे ओळखायचं कसं, असं येताना एका तरुणानं विचारलं. लक्ष्मीबाईंचं सोपं होतं. ज्यांच्या हातचं चालत नव्हतं, त्यांच्या हातचं चालू लागलं. तीच परीक्षा आपल्याला लावता येते. आज कुणाच्या हातचं आपल्याला चालत नाही, कुणाला आपण ओटीवरच बसवतो, कुणाचा फोन उचलत नाही, याची घरी जाऊन यादी करा. माझीही आहे, ती मी इथे वाचणार नाही. (हशा) करिंथकरांस पहिल्या पत्राच्या, प्रीतीवरच्या तेराव्या अध्यायावर बोलायचं होतं, टिपणं काढून आणली होती, ते राहिलं. घरी वाचा. यादी आधी करा, अध्याय नंतर वाचा, म्हणजे तो कुणाविषयी लिहिलाय ते कळेल.