शस्त्रक्रियेची रजा आणि गोपनीयता

चोपडे गावाहून शापोरा नदीवरील पूल ओलांडून म्हापशास अथवा पणजीस नोकरीनिमित्त जाणाऱ्या गृहस्थास शस्त्रक्रियेसाठी रजा हवी असली, तरी व्याधीचे नाव गावभर व्हावे अशी त्याची इच्छा नसते. आणि समाचाराला येणारा प्रत्येकजण ‘नेमके काय झाले?’ असेच विचारीत असता, ती इच्छा गैर म्हणवत नाही. सरकारी सेवकास १९७२ च्या केंद्रीय रजा-नियमांन्वये आजाराचे स्वरूप नमूद केलेला वैद्यकीय दाखला रजा मंजूर करणाऱ्या अंमलदारापुढे ठेवावा लागतो खरा. परंतु सहकाऱ्यांस त्याचा जबाब देण्याचे बंधन नाही. डॉक्टरांवर तर रुग्णाची गुपिते राखण्याची जबाबदारी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच टाकली आहे. दाखला ‘गोपनीय’ असे लिहिलेल्या मोहोरबंद लिफाफ्यात, शिपायाहाती न धाडता, जातीने द्यावा.