पाण्याकाठचे गाव आणि चित्रकार



हॉलंड हा सखल देश. त्याची बरीचशी भूमी समुद्राच्या पातळीहूनही खाली आहे. पाण्याला वाट करून दिल्याशिवाय तिथे राहताच येत नाही. म्हणून शहराशहरांतून कालवे खणले गेले आणि आपल्या दारापुढे जसा रस्ता, तसा तिकडे कालवा आला. एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकारांनी हे कालवे पुन्हा पुन्हा रंगविले. विटांची उंच, अरुंद घरे, काठाला लागलेली होडी, पाण्यात पडलेले प्रतिबिंब. राजा नाही, लढाई नाही, देवही नाही. मग यात पाहावयाचे काय, असे कोणी विचारील.

याचे उत्तर कॉर्नेलिस स्प्रिंगर (१८१७-१८९१) या चित्रकाराच्या आयुष्यात सापडते. आरंभी तो मनाने रचलेली शहरे काढी. पुढे त्याने तो नाद सोडला आणि हार्लेम, एन्क्हाउझन अशा गावी जाऊन समोर आहे ते रेखाटू लागला. कल्पनेतले शहर डोळ्यांना सुख देते. खरे रेखाटलेले शहर साक्ष देते. अॅमस्टरडॅममधला न्यूवेझैड्स फोरबुर्खवाल हा कालवा १८८४ साली बुजवून त्याचा रस्ता केला. त्याचे पाणी आता जुन्या चित्रांतच पाहावे लागते.

आपल्याकडे असा माणूस झाला नाही काय? झाला. कोल्हापूरचे अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार झाले. पण त्यांचे मन रमले ते कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या काठी. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा शोकाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्याच पाण्यात सोडली, असे सांगतात. १९३१ साली तेही गेले. उरलेल्यांपैकी काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. बुडालेल्या चित्रांबद्दल आपण हळहळतो. पण जी कधी काढलीच गेली नाहीत, त्यांच्याबद्दल कोणी हळहळावे?

आपल्या औंढ्याचेच पाहा. नागनाथाच्या देवळाचे चित्र घरोघर आहे. परंतु ते दर्शनासाठी. खालचा काळा, कोरीव दगड कुठे संपतो आणि वरचे मागाहून बांधलेले पांढरे शिखर कुठे सुरू होते, तो सांधा त्यात दिसत नाही. नामदेवांच्या कथेची आठवण देणारा, देवळाच्या मागच्या अंगाचा नंदी दिसत नाही. बारवेच्या पायऱ्या नाहीत, बेलफुलांची दुकाने नाहीत, पेठेतले माळवद नाही. देऊळ टिकेल, त्याला जपणारे पुष्कळ आहेत. माळवदाला कोण जपणार?

यासाठी मोठा कलावंतच हवा, असे आम्हांस वाटत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला डोंगर, सूर्य आणि नारळाचे झाड काढण्याऐवजी मुलांनी आपली गल्ली काढावी. शिक्षकांनी कागदामागे जागा आणि तारीख लिहवून घ्यावी, आणि वाचनालयाने ते कागद जपून ठेवावेत. पन्नास वर्षांनी कोणी आपले औंढा कसे होते म्हणून विचारले, तर त्याच्या हाती देण्यासारखे काहीतरी आपल्यापाशी असले पाहिजे.