गोधडीपासून इंग्रजी
(नाशिक येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. परंतु पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील अनेक घरांत निजण्याची स्वतंत्र खोलीच नसते. तेथील मुलाने ‘बेडरूम’मधला ‘वॉर्डरोब’ कोठे शोधावा? म्हणून आरंभ गोधडी, उशी आणि ट्रंकेपासून करावा. ‘ट्रंक’ हा शब्द तर मूल घरूनच घेऊन येते! गोधडीच्या ठिगळांत रेड, ग्रीन, ब्ल्यू सारे सापडतात. शिवाय मराठीत पिवळा पलंग, पिवळी उशी, पिवळे कपाट. इंग्रजीत मात्र तिन्हींना ‘यलो’च. ही गंमत मुलांना वस्तूंना हात लावून बोलू द्यावी. फळ्यावरचे स्पेलिंग मागाहून यावे.