शटरचं वजन कोण उचलतं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला "जुन्या आठवणी सांगा" असं सुचवलं होतं. आठवणी आधीच्या वक्त्यांनी भरपूर सांगितल्या. मी उद्यमनगरात सगळी नोकरी लोखंडाशी झटत काढलेला माणूस, म्हणून मी आपल्या मागच्या गॅरेजांच्या शटरविषयी बोलणार आहे. हसू नका. सोसायटी २५ वर्षांची झाली तशी बरीचशी शटरंही झाली, आणि त्यांच्या स्प्रिंगा आपल्यापेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात.

आठ बाय आठ फुटांचं साधं पत्र्याचं शटर ५०-६० किलोच्या घरात जातं. ते सातवीतली पोर एका हाताने वर सारते. मग वजन उचलतं कोण? वर जो पाइप आहे त्याच्यावर गोल पेट्या असतात. त्यांत पोलादी पट्टीची गुंडाळी असते, चावीच्या घड्याळात असते तशीच, फक्त दांडगी. शटर खाली ओढताना आपण तिला चावी देतो. वर ढकलताना ती चावी सुटत जाते आणि भार उचलते. म्हणजे शटर बंद करून आपण घरात टीव्ही बघत बसतो, तेव्हा स्प्रिंग सर्वात जास्त ताणलेली असते.

ही पट्टी उघड-मीट सोसून सोसून थकते. त्यात आपल्याकडे पाणी आलं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोण विसरेल? धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर आपण फरशा धुतल्या, गाड्यांची इंजिनं उघडली. शटरच्या कडेच्या चॅनेलमधला गाळ मात्र बऱ्याच जणांनी तसाच ठेवला. पट्ट्या तिथं घासतात, शटर अडतं, आपण हिसका मारतो, आणि तो प्रत्येक हिसका वर स्प्रिंगला बसतो. वरची स्प्रिंग पाण्यात बुडाली नसली तरी दमट हवेत तिला गंज चढतोच. गंजाचा एक बारीक खड्डा पडला की चीर तिथूनच सुरू होते.

स्प्रिंग एका रात्रीत दगा देत नाही, महिनोन्महिने सांगत असते. शटर जड लागतं. एक बाजू आधी वर जाते, दुसरी मागं राहते. वरून कडकड आवाज येतो. माझी साधी तपासणी सांगतो. बाजूला उभं राहून शटर कमरेइतकं वर घ्या आणि हात न काढता पकड सैल करा. जागेवर थांबलं तर बरं आहे. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग उतरली.

आता मुद्द्याचं. आपल्या रांगेत दोन शटरं सध्या बांबूच्या टेकूवर उभी आहेत. नावं घेत नाही, त्यांना माहीत आहे. संध्याकाळी पोरं बॉल आणायला त्याच टेकूखालून पळतात. बॉल लागून बांबू सरकला, तर वरून येणारं ओझं स्प्रिंग धरणार नाही, कारण तिनं केव्हाच हात टेकलेत. टेकू आज रात्रीच काढा आणि शटर खाली घेऊन कुलूप लावा. गाडी चार दिवस बाहेर राहिली तर काही बिघडत नाही.

आपण कोल्हापूरकर. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्यामुळे "त्यात काय, जमतंय की!" हे आपल्या रक्तात आहे. मलाही ते आवडतं. चॅनेल घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात द्या, हे घरी जरूर करा. चॅनेलमध्ये ग्रीस मात्र थापू नका, धूळ चिकटते. स्प्रिंग बदलायला स्वतः चढू नका. पाइप दोन्ही टोकांना यू क्लँपने आवळलेला असतो. क्लँप सैल केला की साठलेला सगळा ताण पाइप पान्यावर येतो. एका ओळखीच्या मिस्त्रीच्या हातून पाना सुटला आणि मनगट मोडलं. वीस वर्षांचा अनुभव होता त्यांना, पण त्या दिवशी ते एकटे होते.

नीट काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे कोणी घाई केली तर तुम्ही टोकू शकाल. शटर पूर्ण वर, दोरानं बांधलेलं. दोन माणसं, दोन पाने. एक धरतो, दुसरा घेतो, आणि ताण वेढ्यावेढ्याने उतरतो. शहाणा मिस्त्री खडूची खूण करून वेढे मोजतो. जुनी स्प्रिंग नमुना म्हणून दुकानात न्यायची, पट्टीची रुंदी आणि जाडी जुळवायची. एकच तुटली असली तरी सगळ्या एकदम बदला. जुनी-नवी जोडी म्हणजे एक बैल म्हातारा आणि एक खोंड, शटर वाकडंच चालणार. नवी गुंडाळी तारेनं बांधून येते. ती तार पेटीबाहेर कोणी तोडू नये, गुंडाळी उलगडून तोंडावर येते.

कोणी म्हणेल, मोटर बसवू, कटकट जाईल. मधोमध बसणाऱ्या मोटरला शटर आधी स्प्रिंगवर नीट तोललेलं लागतं. तेव्हा मोटरचा विषय नंतर.

मी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींशी बोललोय. ते जोडीदार घेऊन येत्या रविवारी सकाळी नऊला येतील. ज्यांना आपलं शटर तपासून घ्यायचंय त्यांनी आज जेवणाआधी माझ्याकडे गॅरेज नंबर लिहून द्यावा. ते दोन टेकूवाले नंबर मी आधीच लिहिलेत. रविवारी दुपारपर्यंत मागं क्रिकेट बंद, पोरांनी समोरच्या पटांगणात खेळावं.