पौलाची वर्गणी



ख्रिस्ती दानाचा विषय निघाला की मंदिराच्या भांडारात दोन क्षुल्लक नाणी टाकणारी गरीब विधवा हमखास आठवते. आज मात्र मी बोलणार आहे ते एका वर्गणीविषयी.

पहिल्या शतकाच्या मध्यावर यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी प्रेषित पौलाने मासेदोनिया, करिंथ, गलतिया इथल्या मंडळ्यांकडून मदत गोळा केली. मासेदोनियाचे लोक स्वतःच कंगाल, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिलं. करिंथ हे भरभराटीचं व्यापारी शहर. तिथल्यांनी कबूल करून वर्ष लोटलं, पण रक्कम काही पुरी होईना. पौलाने हुकूम सोडला नाही, दशांशाचा आकडाही घातला नाही. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे बाजूला काढा आणि कुरकुरत देऊ नका, इतकंच सांगितलं. चिमटा मात्र काढलाच: मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले आणि तुमची तयारी नसली, तर खाली मान कोणाला घालावी लागेल?

पुढचा भाग प्रवचनांत क्वचितच ऐकू येतो. एवढ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधू करिंथला पाठवले. त्यांतला एक तर मंडळ्यांनीच नेमलेला. व्यवहार देवापुढे चोख हवा तसा माणसांपुढेही हवा, असं त्याने स्पष्ट लिहिलं. साक्षात प्रेषिताला जी खबरदारी घ्यावीशी वाटली, ती आपल्या विश्वस्तांना अपमानाची का वाटावी?

ख्रिस्ती शिकवणीत माणूस धनाचा मालक नाही, कारभारी आहे. म्हणून देणाऱ्याने मिरवायचं नाही आणि घेणाऱ्याने हिशेब लपवायचा नाही. मिझोराममध्ये हे फार साधेपणाने रुजलं. तिथल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे काढत आल्या आहेत. हातात रोकड नव्हती, तांदूळ होते. ते गोळा करून विकायचे आणि पैसा मंडळीच्या कामाला लावायचा. आजही त्यातून तिथे मोठा निधी उभा राहतो, आणि तो सुरू केला तो श्रीमंतांनी नव्हे.

तुम्ही चर्चला देत असाल, देवळाला, दर्ग्याला किंवा गावच्या वाचनालयाला, देत राहा. मात्र वर्षअखेर जमाखर्च मागा आणि तो सर्वांना दिसेल असा फळ्यावर लावायला सांगा.